आमच्या जोडीचा तंबोरा



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोता काहीतरी भारदस्त ऐकण्याच्या तयारीने येतो. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावरून राज्यकारभार, अर्थकारण, धर्मचिकित्सा असे विषय महाराष्ट्राने ऐकले. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच घरगुती आहे. आपल्या जन्माच्या साली तयार झालेले एखादे वाद्य आपल्याजवळ असावे असे माणसाला का वाटते, एवढाच तो प्रश्न. चिटणीसांना आम्ही हा विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "चालेल सर, लोक उन्हाने दमलेलेच असतात." त्यांच्या या उदारपणाचा फायदा घेऊन आम्ही उभे आहोत.

प्रथम गावाबद्दल एक शब्द. परगावी आम्ही केडगावचे म्हटले की लोक विचारतात, "पंडिता रमाबाईंचे का?" ते केडगाव दौंड तालुक्यातले. आपले केडगाव नगरच्या वेशीवरचे, रेणुकामातेचे. २००३ साली महानगरपालिका झाली आणि आपण शहरात गेलो; २०२४ साली जिल्ह्याचे नावही अहिल्यानगर झाले. पण आमच्यासारख्यांच्या तोंडी अजून "नगरला जाऊन येतो" हेच वाक्य आहे. हे सांगण्याचे कारण असे की पुढची हकीकत शहराची नसून, केडगाव खेडे होते त्या दिवसांची आहे.

या विषयाचे बी आमच्या मनात कोणी पेरले ते आधी सांगतो. आपल्या शेजारी अरणगाव आहे. तेथे मेहेरबाबांची समाधी आहे, आणि दर वर्षी ३१ जानेवारीच्या सुमारास देशोदेशीचे लोक तेथे येतात हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यांतल्या पुष्कळांच्या पाठीवर गिटार असते. केडगावच्या पोरांनी गिटार नावाची वस्तू प्रथम पाहिली ती सिनेमात नव्हे, या पाहुण्यांच्या पाठीवर. विलायतेतला प्रख्यात गिटारवादक पीट टाउनशेंड हाही १९७२ च्या आरंभी अरणगावला येऊन गेला. मौज अशी की हा गृहस्थ जगभर गाजला तो जितका गिटार वाजवण्याबद्दल, तितकाच १९६४ पासून भर कार्यक्रमात गिटारी आपटून फोडण्याबद्दल!

काही वर्षांपूर्वी अशाच एका वृद्ध पाहुण्याशी चहाच्या टपरीवर आमची गाठ पडली. त्याच्याजवळ एक जुनी, जागोजागी झिजलेली गिटार होती. ती तो मांडीवर अशी धरून बसला होता, की जणू नातवंडच. आम्ही विचारले, "फार जुनी दिसते?" तो हसून म्हणाला, "माझ्याएवढी. आम्ही दोघे १९५० चे." मग त्याने गिटारच्या पोटातल्या भोकातून आत बघायला सांगितले. आत लाकडाच्या ठोकळ्यावर एक आकडा उमटवलेला होता. ही गिटार अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची. या घराण्याचा मूळ पुरुष १८३३ साली जर्मनीतून अमेरिकेत गेला, आणि १८९८ पासून ही कंपनी आपल्या प्रत्येक गिटारला क्रमांक देते. कोणत्या साली कोणत्या क्रमांकापर्यंत मजल गेली याचा तक्ता तिने प्रसिद्ध केला आहे. तेव्हा कोणीही आकडा पाहावा आणि जन्मसाल काढावे. आमच्या पाहुण्याने आपल्या साठाव्या वर्षी अशी स्वतःच्या सालची गिटार शोधून विकत घेतली होती.

पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की पाश्चात्त्य देशांत हे वेड चांगलेच फैलावलेले आहे. माणूस पन्नाशी-साठीला आला, हाती चार पैसे आले, की तो आपल्या सालची गिटार शोधू लागतो. आता यात नशिबाचाही भाग असतो. गिब्सन कंपनीचा 'लेस पॉल' नावाचा एक नमुना १९५८ ते १९६० या तीन वर्षांत एका विशिष्ट तांबूस-पिवळ्या झळाळीत निघाला. त्याला आज लाखो डॉलर मोजावे लागतात. १९५९ साली जन्मलेल्या गिटारवाल्याने आपल्या सालचा तो नमुना मागितला तर घरदार विकावे लागेल! उलट आमचे १९६५ साल घ्या. त्या सालच्या जानेवारीत फेंडर ही नामांकित कंपनी सीबीएस या बड्या मंडळींनी विकत घेतली. पुढे माल उतरला अशी वाजवणाऱ्यांची तक्रार झाली, आणि बाजारात 'विक्रीपूर्वीची' आणि 'विक्रीनंतरची' अशी फाळणीच पडली. म्हणजे आम्ही जन्मलो ते नेमके फाळणीच्या रेषेवर. तरीदेखील १९६५ साली जन्मलेले लोक १९६५ चीच गिटार मागतात, हे ध्यानात घ्या. उत्तम गिटार हवी असती तर त्यांनी त्याआधीची मागितली असती. यावरून एवढे निश्चित होते की ही मागणी नादाची नव्हे. ती कशाची आहे, हे आपल्याला शोधायचे आहे.

कोणी म्हणेल, जुने वाद्य अधिक चांगले वाजते म्हणून जुने हवे. लाकूड मुरते आणि हलके होते, हे आपण घरच्या जुन्या पेटाऱ्यावरूनही जाणतो. पण जुने म्हणून चांगले हा नियम होत नाही. व्हायोलिनच्या बाबतीत याची परीक्षा झाली. इटलीतल्या क्रेमोना गावचा स्ट्रॅडिव्हारी १७३७ साली वारला. त्याची व्हायोलिने म्हणजे या कलेचे शिखर, अशी जगाची श्रद्धा. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ वादकांना काळे चष्मे घालून अंधूक खोलीत सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी आणि तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारीची. बहुतेकांना जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखता आले नाही, आणि पसंती पुष्कळांनी नव्यालाच दिली. याचा अर्थ स्ट्रॅडिव्हारी सामान्य होता असा नव्हे. अर्थ इतकाच, की साल कानाला ऐकू येत नाही. साल ऐकू येते ते मनाला.

आता आमच्या मनाची गोष्ट सांगतो.

आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या पुष्कळ माणसांचा जन्म १ जूनला झालेला आहे. हसू नका, या सभेतही निम्मे लोक १ जूनचे निघतील. मुलगा शाळेत घालायला आणला की मास्तर विचारायचे, "कधीचा?" बाप म्हणायचा, "झाला की पाच-सहा वर्षांचा." मास्तर हात डोक्यावरून पलीकडच्या कानापर्यंत पोचतो का ते बघायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. आमचीही सरकारदरबारी नोंद १ जून १९६५ अशीच आहे. खरा जन्म कधीचा याला घरात एकच पुरावा होता. तो म्हणजे वडिलांचा तंबोरा.

वडील शेतकरी. चार एकर कोरडवाहू, एक विहीर आणि गळ्यात उपजत सूर. भजनी मंडळात ते वीणा धरीत, पण नगरला कोठे तरी एका गवयाची बैठक त्यांनी ऐकली आणि त्यांच्या मनाने घेतले की आपल्या घरात तंबोरा पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात तंबोरा! आजी म्हणाली, "बैलाला झूल नाही आणि याला तंबोरा." पण १९६५ साली कांद्याचे बरे पैसे आले. पाकिस्तानशी लढाई चालू होती ते दिवस. वडील दौंडवरून पुण्याला आणि पुण्याहून मिरजेला गेले. पुणे-मिरज ही लहान रुळांची गाडी होती, तेव्हा पुण्याला गाडी बदलणे आलेच. येताना तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन त्यांनी रात्रभर प्रवास केला. कोणाचा धक्का लागू नये म्हणून ते झोपले नाहीत. घरी आले आणि आठवड्याने आमचा जन्म झाला. म्हणून वडील नेहमी म्हणत, "हा अन् तंबोरा जोडीचे. मांडीवर आधी तो बसला, मग हा."

तेव्हा आमचे जन्मसाल आम्हांला शाळेच्या दाखल्यावरून कळले नाही, तंबोऱ्यावरून कळले.

आता तंबोरा ही काय चीज आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आजकाल डबीतून निघणाऱ्या सुरावर काम भागते आणि मुलांना तंबोरा जवळून पाहायला मिळत नाही. मिरजेत ही वाद्ये होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारे घडवणारे. संस्थानी लढाया संपल्या तसे हत्यारांचे काम ओसरले. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन. त्यांच्या पदरी गवई येत, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. फरीदसाहेब शिकलगार यांनी ती दुरुस्त करता करता नवी घडवण्यास आरंभ केला, आणि पुढे त्या घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. पात्याला धार लावणारे हात घोडीला जवारी लावू लागले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा गवई मिरजेत राहिला तो काही उगाच नव्हे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पैठणीला जसे पैठण, तसे तंबोऱ्याला मिरज, हे सरकारी कागदावरही आले.

तंबोऱ्याचा भोपळा कारखान्यात होत नाही, तो शेतात होतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हे मोठे कडू भोपळे पिकतात. ते वेलावर पुरते जून होऊ द्यायचे, मग वाळवायचे, कापायचे, पाण्यात भिजवून आकारात आणायचे. वर तुणीच्या लाकडाची तबली, मागे पोकळ दांडी, चार खुंट्या, घोडी आणि सूर बारीक मिळवण्यासाठी तारांत ओवलेले मणी. तारा चार: पहिली पंचमाची, मधली जोड षड्जाची आणि शेवटची पितळी खर्जाची. तारेखाली घोडीवर सुताचा एक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की साध्या आवाजातून सुरांचा फुलोरा उठतो. त्यालाच जवारी लागली म्हणतात. तारांच्या घासण्याने घोडीचा माथा झिजतो, जवारी बिघडते, आणि मग कारागिराला ती पुन्हा कानसून लावावी लागते. म्हणजे तंबोऱ्याचा आवाज हा एकदाच जन्मत नाही. दर काही वर्षांनी तो पुन्हा जन्माला घालावा लागतो.

आमच्या घरी तो आवाज सात वर्षे होता. पहाटे वडील तारा छेडीत आणि आम्ही गोधडीत पडून ऐकत असू. तंबोरा गाणे गात नाही. तो गाणाऱ्याला घर देतो. दांडीवर खालच्या बाजूला एक काळा डाग होता. कंदिलाची काच लागून पडलेला. तो आम्ही पाडला होता आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

मग १९७२ साल आले. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्या सालाबद्दल आम्ही काय सांगावे? आदल्या दोन वर्षांचा पाऊस धड नव्हता, त्या वर्षी तर पाठच फिरवली. आपला जिल्हा होरपळला. विहिरी तळाला गेल्या. माणसे खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामावर गेली. बायका तान्ही पोरे झाडाच्या सावलीत टाकून पाट्या वाहू लागल्या. परदेशाहून आलेला तांबडा मिलो आणि कामावरची सुकडी हे आमच्या पिढीचे अन्न. माणसाचे कसेबसे भागले, पण जनावराचे भागेना. कडब्याची पेंढी सोन्याची झाली. घरात दोन बैल होते. १९७३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी एक गृहस्थ आले, त्यांनी तंबोरा पाहिला, तारा छेडल्या, पैसे मोजले आणि तो घेऊन गेले. ते कोठले, पुण्याचे की औरंगाबादचे, हे आम्हांला आठवत नाही. वडिलांनी गवसणीच्या नाड्या स्वतः बांधल्या. गृहस्थ गेल्यावर ते बैलांपाशी जाऊन बसले. बैल जगले. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला, पेर झाली. तंबोरा मात्र पुन्हा आला नाही, आणि वडील पुन्हा पहाटे गायले नाहीत. भजनात ते वीणा धरीत, पण घरात गाणे असे नाही. त्याबद्दल ते कधी काही बोललेही नाहीत.

आता आपल्या ध्यानात येईल की टपरीवरच्या त्या पाहुण्याचे "आम्ही दोघे १९५० चे" हे वाक्य आम्हांला का झोंबले. साठी जवळ आली तसे आम्ही १९६५ चा तंबोरा शोधू लागलो. कुटुंबाने विचारले, "तुम्हांला तर गाता येत नाही!" खरेच आहे. पण त्या पाहुण्यालाही गिटार फारशी येत नव्हती.

शोध सोपा नव्हता. गिटारला क्रमांक असतो, तक्ता असतो. आमच्या तंबोऱ्याला ना क्रमांक ना तक्ता. एका शहरात जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने आम्हांला आमच्याच सालचा तंबोरा म्हणून एक नमुना दाखवला. आत चिठ्ठी होती. कागद पिवळा, अक्षर जुन्या वळणाचे, साल १९६५. किंमत ऐकून आम्ही घाम पुसला, तरी हात खिशाकडे जाऊ लागला. तेवढ्यात चिठ्ठीची शेवटची ओळ वाचली. तेथे मिरजेच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड छापला होता. आणि पिनकोड आपल्या देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी! विक्रेत्याला म्हणालो, "तुमचा कारागीर फार दूरदर्शी होता." त्याने तंबोरा उचलून आत ठेवला. स्ट्रॅडिव्हारीच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या हजारो व्हायोलिनांत सापडतात असे वाचले होते. मागणी आली की साल छापून मिळते, हा नियम आपल्याकडेही लागू आहे. पण घरी येताना आमच्या मनात वेगळाच विचार आला. पिनकोड नसता तर आम्ही तो तंबोरा घेतला असता, आणि सुखी झालो असतो. मग आम्हांला हवे होते ते नेमके काय?

या प्रश्नासह आम्ही मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत एका वृद्ध कारागिरापुढे बसलो. त्यांना सगळी हकीकत सांगितली. कंदिलाच्या डागाचीही खूण सांगितली. ते भोपळ्याच्या कडा कानसत ऐकत होते. मग म्हणाले, "सर, तो तंबोरा असला तर वाजता असेल, नाहीतर मोडला असेल. वाजता असेल तर आजवर दहा वेळा दुरुस्तीला आला असेल. पॉलिश खरवडून नवे दिले, की डाग गेला. असे किती डाग आम्ही पुसले. लोक सांगतात, चाचा, नव्यासारखा करून द्या. भोपळा फुटला की भोपळा बदलतो, घोडी झिजली की घोडी. तुमचाच तंबोरा माझ्या हाताखालून गेला असेल आणि मला कळलेही नसेल."

आम्ही विचारले, "मग जुन्या वाद्याचे जन्मसाल कोणते धरायचे?"

ते म्हणाले, "भोपळा वेलावर धरला ते? झाड रुजले ते? की पहिली जवारी लागली ते? झाडाचे म्हणाल तर तुमच्या तंबोऱ्याचे लाकूड तुमच्या वडिलांच्याही आधीचे."

बंधुभगिनींनो, आम्ही शाळेत तीस वर्षे शिकवले, पण इतका सरळ धडा आम्हांला कोणी दिला नव्हता. माणसाचे तरी काय वेगळे आहे? देह आईबापांचा, भाषा आजीची, सूर असलाच तर कोणा पूर्वजाचा. १ जून ही तारीख फक्त मास्तरांची!

तेव्हा आमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आम्हांला जे सुचले ते असे. लहानपणी आपल्या जन्माचे साक्षीदार घरभर असतात. आई सांगते, आजी सांगते, सुईण रस्त्यात भेटली तरी सांगते. वय वाढते तसे एकेक साक्षीदार उठून जातो. साठीला पोचावे तो आपण कसे झालो, कधी झालो, तेव्हा पाऊस होता की नव्हता, हे सांगणारे कोणी उरत नाही. मग माणूस वस्तूकडे वळतो. त्याला आपल्या वयाचा, आपल्याइतक्याच खरचटा सोसलेला आणि तरी वाजणारा कोणी सोबती हवा असतो. त्याच्याकडे पाहून त्याला म्हणायचे असते, "तू टिकलास, मीही टिकलो." पुण्याला केलकर संग्रहालय आहे. दिनकर केलकरांनी जन्मभर वस्तू जमवल्या, त्यांत वाद्यांचे दालनही आहे, आणि १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. त्या संग्रहालयाला नाव मात्र दिले अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. वस्तूंच्या शोधामागे बहुधा माणूसच असतो. आम्ही १९६५ चा तंबोरा शोधीत होतो असे आम्हांला वाटत होते. वास्तविक आम्ही पहाटे गाणारे वडील शोधीत होतो. ते कोणत्याही गल्लीत मिळणार नव्हते.

पण गोष्ट येथे संपली नाही. आमच्या मनात एक हिशेब आला, आणि तो आपल्या पंचांगातला आहे. इंग्रजी साल एकदा गेले की गेले. १९६५ पुन्हा येत नाही. आपल्या संवत्सरांचे तसे नाही. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे, आणि साठ संपली की पुन्हा प्रभव. म्हणून तर साठीला शांत करण्याची रीत. ज्या संवत्सरात जन्मलो ते फिरून दारात येते. आमचा जन्म शके १८८७ चा, संवत्सर विश्वावसू. तेच विश्वावसू संवत्सर शके १९४७ ला पुन्हा आले, ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्याला. आणि हा विश्वावसू कोण? पुराणांतला गंधर्व! जुन्या कोशांत वीणांची नावे दिली आहेत: नारदाची महती, सरस्वतीची कच्छपी, तुंबुरूची कलावती आणि विश्वावसूची बृहती. तंबोऱ्याचे नाते लोक तुंबुरूशी जोडतात ते आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा गंधर्वाच्या नावाच्या वर्षात जन्मून आमच्या गळ्यात सूर नाही, हा केवळ आमचा दोष, वर्षाचा नव्हे.

आम्ही चाचांना म्हणालो, "आमच्या संवत्सरातला तंबोरा पाहिजे." ते म्हणाले, "मग जुना कशाला शोधता? ते संवत्सर चालू आहे ना? नवाच करतो की." आणि त्या विश्वावसू संवत्सरातच त्यांनी तो पुरा केला. भोपळा मंगळवेढ्याकडचा, तबली तुणीची. आम्ही रेल्वेने घेऊन आलो, मांडीवर धरून. आता पुण्याला रूळ बदलत नाहीत, पण आम्हीही रात्रभर झोपलो नाही.

तो तंबोरा आमच्या घरी नाही. तो आपल्या भजनी मंडळाच्या खोलीत ठेवला आहे. आमची नात दहा वर्षांची आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी तेथे गाणे शिकतात. परवा तिने विचारले, "आजोबा, हा किती जुना?" आम्ही म्हणालो, "माझ्याएवढा." ती हसली; तिला वाटले आजोबा थट्टा करतात. मग आम्ही तिला संवत्सरांचा हिशेब सांगितला. तो तिला पटला की नाही कळले नाही, कारण तिने मध्येच तारा छेडल्या आणि आमचे बोलणे त्यात बुडून गेले.

तात्पर्य काढण्याची वक्त्याची सवय सुटत नाही, म्हणून एवढेच म्हणतो. ज्याला आपल्या सालची गिटार, पेटी, तंबोरा, घड्याळ, काय हवे ते मिळेल, त्याने ते जरूर घ्यावे. पिनकोड मात्र पाहून घ्यावा. पण ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. न वाजणाऱ्या तंबोऱ्याला साल असून उपयोग नाही. आणि ज्याला जुने मिळत नाही, त्याने नवे करवून कोणा लहानाच्या हाती द्यावे. आज केलेले वाद्य साठ वर्षांनी कोणाच्या तरी जोडीचे ठरणार आहे. त्या वेळी त्याच्यावर एखादा डाग असेल, आणि तो कोणी पाडला हे सांगणारे माणूसही असेल, अशी आशा करू या.

विश्वावसूच्या मागून येणाऱ्या संवत्सराचे नाव पराभव आहे, हे जाणकारांनी मनात म्हटलेच असेल. त्याला इलाज नाही; क्रमच तसा आहे. आमच्या वडिलांचाही पराभव झालाच होता, बैलांच्या दावणीपाशी. पण पहाटेच्या ज्या सुरांनी आमचे कान घडले, ते सूर तो गृहस्थ गवसणीत घालून नेऊ शकला नाही. ते येथेच राहिले, केडगावात.